सज्जाखाली मोहोळ लागलंय? जरा थांबा

दिवाळी सरली की दहिसरच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. नवव्या-दहाव्या मजल्याच्या सज्जाखाली काळपट, अर्धगोल काहीतरी लटकतंय आणि खाली प्रश्न: "हे काय आहे? कोणाला बोलवायचं?" पुढच्या अर्ध्या तासात पेस्ट कंट्रोलवाल्याचा नंबर येतो, कुणी रॉकेलचा उपाय सांगतं, कुणी मध किती निघेल याची चौकशी करतं. संध्याकाळपर्यंत सेक्रेटरी होकार देऊन मोकळे होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात, गाड्यांवर, कुंड्यांत मेलेल्या माश्यांचा सडा पडलेला असतो. मधमाश्यांचं महत्त्व शाळेत सगळेच शिकलेले असतात, पण दहिसरमधल्या मधमाशीचा निकाल लागतो तो या अर्ध्या तासात. म्हणून हा लेख मुख्यतः त्या अर्ध्या तासासाठी.

दहिसरला मधमाश्या येणारच, यात नवल काही नाही. पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर, पश्चिमेला खाडी आणि तिवरांचं रान, मधून तुळशी तलावाच्या बाजूने उतरून खाडीला मिळणारी नदी. रावळपाडा, केतकीपाड्याच्या अंगाला तर जंगल आणि वस्ती एकमेकांना खेटूनच आहेत. जंगलात काटेसावर, पळस, पांगारा, करंज, जांभूळ असं एकामागून एक फुलत राहतं, उन्हाळ्यात तिवरांना फुलोरा येतो आणि रस्त्याकडेचे सोनमोहोर, पर्जन्यवृक्ष अधूनमधून हातभार लावतात. राहिला प्रश्न जागेचा. उंच कडा, वर छत, खाली मोकळी हवा ही आग्या माशीची पिढ्यान्‌पिढ्यांची पसंती. आपण तिला अशा शेकडो जागा बांधून दिल्या आणि त्यांना टॉवर म्हटलं.

आधी ओळख पटवा

काहीही करण्याआधी माशी कोणती आहे ते पाहा, कारण प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे. आपल्याकडे मुख्यतः चार जणी दिसतात.

फुलोरी सगळ्यांत गरीब. तळहाताएवढं एकच पोळं, एखाद्या फांदीला नाहीतर गॅलरीच्या ग्रिलला, बोगनवेलीत दडवलेलं. मुंग्या येऊ नयेत म्हणून ती फांदीला दोन्ही बाजूंनी चिकट डिंकाचा पट्टा लावते. जवळ जाऊन बघा, चकचकीत दिसतो. ही माशी मुद्दाम डिवचल्याशिवाय सहसा चावत नाही. ग्रिलवर बसली असेल तर त्या कोपऱ्यातलं वाळत घालणं बंद करा आणि तिला राहू द्या.

पोयाची माशी तर माशी वाटतच नाही. चिलटाएवढी, काळी, नांगी नसल्यात जमा. जुन्या भिंतीच्या भेगेत, मीटरच्या पेटीत राहते आणि बाहेर मेणा-डिंकाची बारीक नळी काढते. तिच्यावर फवारा मारणं म्हणजे निव्वळ फुकटचं पाप. इलेक्ट्रिशियन पेटी उघडणार असेल तेव्हा त्याला आधी सांगून ठेवा, एवढं पुरे.

सातेरी अंधाऱ्या पोकळीत राहते. झाडाची ढोली, बंद पडलेला माळा, भिंतीतलं भोक अशा ठिकाणी ती एकाशेजारी एक अशी समांतर पोळी बांधते. पेटीत सर्रास पाळली जाते ती हीच देशी माशी. महाबळेश्वरच्या परिसरातले लोक तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या चार पैसे मिळवत आलेत. त्याच भागातलं मांघर 2022 मध्ये देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. पालघर आणि नाशिककडच्या आदिवासी शेतकऱ्यांना 'अंडर द मँगो ट्री' ही मुंबईची संस्था याच माशीच्या पेट्या ठेवायला शिकवते. सातेरी तुमच्या माळ्यावर आली असेल तर तिला पेटीत भरून नेणारा माणूस शोधता येतो.

आणि चौथी आग्या. व्हॉट्सॲपवरचा फोटो बहुतेक वेळा तिचाच असतो. उघड्यावर लटकणारं एकच मोठं पोळं, कधी हात-दीड हात, कधी मीटरभर रुंद, त्यावर हजारो माश्यांचा अनेक पदरी पडदा. तिला पेटीत कोंडता येत नाही. अंधार तिला चालत नाही, ती सरळ निघून जाते. "आम्ही पकडून जंगलात सोडतो" असं सांगणारा आग्याच्या बाबतीत बहुधा थाप मारत असतो.

यांच्याशी गल्लत होते ती गांधीलमाशीची आणि कुंभारणीची. कागदासारख्या पातळ, राखाडी घरट्यावर बारीक कमरेच्या माश्या असतील किंवा भिंतीवर मातीचं मडकं असेल, तर मधमाशीचा त्यात काही संबंध नाही.

घोळका की पोळं?

आता तो फोटो पुन्हा उघडा. माश्यांचा नुसता गोळा दिसतोय की मेणाचं पोळं? झाडाच्या फांदीवर, सायकलच्या हँडलवर, कधी गेटवर अचानक माश्यांचा घोस येऊन बसतो. हे वाटसरू असतात. त्यांच्याजवळ राखायला ना पिल्लं ना मध, त्यामुळे त्या फारशा चिडत नाहीत. वॉचमनला त्या जागेभोवती दोरी बांधायला सांगा आणि वाट बघा. काही तासांत, फार तर काही दिवसांत घोस उठून जातो. दहापैकी किती तक्रारी नुसत्या वाट बघण्याने मिटतील याचा कमिटीने विचार करावा.

पोळं असेल तर दुसरा प्रश्न: ते कुठे आहे? लहान मुलं खेळतात तिथे, हाताच्या अंतरावर, शाळेच्या किंवा दवाखान्याच्या दारात असेल तर हलवावंच लागतं, त्यात भावुक होण्यात अर्थ नाही. पण अकराव्या मजल्याच्या सज्जाखाली, जिथे कोणाचा हात पोचत नाही, तिथे असेल तर ते राहू द्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. आग्या कायमची राहायला येत नाही. पावसाळा संपला की येते, फुलांचा हंगाम साधते आणि पाऊस तोंडावर आला की डोंगर-रानाकडे पांगते. काही महिन्यांचा पाहुणचार आहे. ती गेल्यावर रिकामं मेण मागे राहतं. ते खरवडून काढा आणि जागा धुऊन रंगवा, कारण मेणाचा वास पुढच्या झुंडीला ओढून आणतो. नको असेल तर बंदोबस्त करायची वेळ ही, जून महिना. डिसेंबरात विष मारण्याची नव्हे.

विष मारण्यात आणखी एक धोका आहे आणि तो कोणी सांगत नाही. मेलेल्या माश्या खाली पडतात, पण मधाने भरलेलं पोळं वरच राहतं. राखण नसलेला मध ठिबकतो, मुंग्या-उंदीर येतात आणि शेजारच्या वसाहतीतल्या माश्या तो विषारी मध लुटून आपल्या घरी नेतात. काही वेळा तर विष मारलेल्या पोळ्याचा मध कोणीतरी बाटलीत भरून विकायलाही नेतो.

मशाल आणि धूर घेऊन रात्री येणारे, "निम्मा मध तुमचा" म्हणणारे लोकही असतात. माश्या जाळून मध काढायची ही पद्धत जुनी आहे आणि टाकून द्यावी अशीच आहे. वर्ध्यात डॉ. गोपाळ पालीवाल यांनी दाखवून दिलं की संरक्षक पोशाख घालून आग्याच्या पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापता येतो. पिल्लांचा भाग तसाच राहतो आणि वसाहत जगते. मोहोळाला हात लावणाऱ्या माणसाला पहिला प्रश्न हाच विचारा: पिल्लांच्या भागाचं काय करणार? उत्तर नीट आलं नाही तर त्याला चहा पाजून परत पाठवा. आणि राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतल्या मोहोळाचा विचारच नको. वन कायद्यात मध आणि मेण वनोपज धरलेले आहेत.

सगळ्यांत जास्त धोका कोणाला असतो? गॅलरीत बसणाऱ्याला नाही. झुल्यावर लटकून इमारत रंगवणाऱ्या माणसाला. माश्या उठल्या तर त्याला पळायला जागा नसते. रंगाचं, गळतीचं, काचा धुण्याचं कंत्राट देण्याआधी इमारतीच्या चारही बाजू दुर्बिणीने बघून घ्या. मोहोळ असेल तर त्या बाजूचं काम माश्या गेल्यावर. कंत्राटात हे एक वाक्य घालायला पैसे पडत नाहीत. पावसाळ्यापूर्वी फांद्या छाटतानाही तेच, आधी वर बघा, मग करवत.

पिवळे ठिपके आणि रात्रीचे दिवे

मोहोळाबरोबर दोन तक्रारी येतात. दोन्ही खऱ्या आहेत आणि दोन्हींवर उपाय आहे.

पहिली, गाड्यांवर आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर पिवळे ठिपके. लोकांना वाटतं रंगकाम चाललंय किंवा कुठल्या तरी कारखान्याचं काहीतरी उडतंय. ती आग्या माश्यांची विष्ठा असते. त्या घोळक्याने उडून एकत्रच पोट साफ करतात आणि त्यात पचून उरलेले परागकण असतात. या ठिपक्यांनी एकदा जगाचं राजकारण तापवलं होतं. 1981 मध्ये अमेरिकेने सोव्हिएत संघावर आग्नेय आशियात 'पिवळा पाऊस' नावाचं विषारी अस्त्र वापरल्याचा आरोप केला. मॅथ्यू मेसेलसन आणि मधमाश्यांचे अभ्यासक टॉमस सीली यांनी तिथले ठिपके तपासले तर त्यात निघाले परागकण. 2002 मध्ये पश्चिम बंगालातल्या संग्रामपूरला हिरवा-पिवळा पाऊस पडल्याचा गाजावाजा झाला, त्याचंही मूळ हेच निघालं. तुमच्या पांढऱ्या शर्टावरचा ठिपका धुऊन निघतो. हंगामापुरती दोरी दुसऱ्या बाजूला बांधा.

दुसरी तक्रार रात्रीची. ट्यूबलाइटभोवती माश्या घिरट्या घालतात आणि सकाळी फरशीवर मरून पडतात, त्यांवर अनवाणी पाय पडला तर चावतातही. आग्या चांदण्या रात्रीही उडते आणि आपल्या दिव्यांनी चकते. मोहोळाच्या बाजूची खिडकी अंधार पडायच्या आधी लावून घ्या, पडदा ओढा, गॅलरीतला दिवा बंद ठेवा. माशी घरात आलीच तर खोलीतला दिवा घालवा आणि बाहेरचा लावा. ती आपणच निघून जाते. झाडू घेऊन मागे लागू नका.

चावलीच तर

मधमाशीची नांगी काटेरी असते. ती कातडीत अडकून राहते, तिच्याबरोबर विषाची पिशवीही, आणि पिशवी पुढेही विष ढकलत राहते. म्हणून नांगी लगेच काढा, नखाने खरवडा, चिमटीने ओढा, कशानेही. पद्धतीपेक्षा वेग महत्त्वाचा. मग साबण-पाण्याने धुवा, बर्फ लावा. लोखंड घासत, चुना शोधत बसू नका.

नांगी मारताना माशी एक गंध सोडते, काहीसा पिकलेल्या केळ्याचा, आणि त्या गंधाने बाकीच्या धावून येतात. म्हणून एक चावली की तिथेच उभं राहून हात झाडणं सगळ्यांत वाईट. चेहरा झाका आणि थेट घरात, गाडीत, दुकानात शिरून दार लावून घ्या. पाण्यात उडी मारू नका, माश्या वर वाट बघत राहतात.

ओठ, चेहरा सुजला, श्वास लागला, अंगभर गांधी उठल्या, चक्कर आली, तर ही ॲलर्जी आहे आणि ती मिनिटांत जिवावर बेतू शकते. 108 ला फोन करा किंवा असेल त्या वाहनाने रुग्णालय गाठा. अंगावर खूप नांग्या असतील तर ॲलर्जी नसली तरी दवाखान्यात जायचंच, लहान मुलं आणि वयस्कर माणसांना तर ताबडतोब. पूर्वी एकदा जोराची रिॲक्शन आलेल्या माणसाने डॉक्टरांना विचारून ॲड्रेनलिनचं इंजेक्शन जवळ ठेवण्याबद्दल ठरवून घ्यावं. आणि अशी व्यक्ती इमारतीत असेल तर "राहू द्या" हा माझा सल्ला तिच्या मजल्यापुरता मागे घ्या.

शिवनेरी, अजिंठा इथे पर्यटकांवर माश्या उठल्याच्या बातम्या येतात. कान्हेरीच्या लेण्यांना जाताना तेच पथ्य पाळा: कड्याखाली सिगारेट नको, दगड नको, आरडाओरडा नको, भपकेदार अत्तर नको.

एवढा त्रास कशासाठी काढायचा?

'मधमाश्या संपल्या की माणसाला चार वर्षं' हे वाक्य आइन्स्टाइनच्या नावावर फिरतं. ते त्याने म्हटल्याचा पुरावा कोणाला सापडलेला नाही आणि त्याची गरजही नाही. 2007 मध्ये शास्त्रज्ञांनी जगातली 115 प्रमुख पिकं तपासली, त्यातल्या 87 पिकांना परागीभवनासाठी कीटक-पक्ष्यांची कमी-अधिक मदत लागते असं दिसलं. गहू-तांदूळ वाऱ्यावर आणि स्वतःवर भागवतात, म्हणजे उपासमार होणार नाही. पण दहिसर स्टेशनबाहेरच्या भाजीवाल्याची पाटी बघा: काकडी, कारलं, भोपळा, दोडका. आपल्याकडे बियाण्यासाठी लावलेल्या कांद्याच्या पांढऱ्या गोंड्यांवर माश्या फिरल्या नाहीत तर बी धरत नाही. डाळिंब आणि सूर्यफुलाचे बागाईतदार मधपेट्या भाड्याने आणतात ते याच हिशोबाने.

हेच गॅलरीतही दिसतं. काकडीच्या वेलाला फुलं भरपूर, पण बारीक काकड्या पिवळ्या पडून गळतात, अशी तक्रार बऱ्याच जणांची असते. खत घालण्याआधी सकाळी फुलांवर कोणी येतंय का ते बघा. येत नसेल तर नर फूल तोडून त्याचा पराग मादी फुलाला लावा. मादी फुलामागे इवलीशी काकडी असते, ओळखायला सोपी. टोमॅटो-वांग्याचं मात्र वेगळं आहे. त्यांचा पराग फूल थरथरवल्यावर पडतो आणि ते काम भुंगे आणि निळ्या पट्ट्यांच्या माश्या करतात. मधमाशीला ते जमत नाही.

कुंड्यांसाठी महागडी 'बी फ्रेंडली' पाकिटं घ्यायची गरज नाही. तुळशीच्या मंजिऱ्या सगळ्या खुडू नका, चार राहू द्या. सकाळी दहाच्या उन्हात तिच्यावर कोण कोण येतं ते बघाच. जून झालेली कोथिंबीर, मोहरी, बडीशेप फुलायला सोडा. सोसायटीच्या आवारात शेवगा, करंज, जांभूळ लावा. गच्च पाकळ्यांची संकरित फुलं दिसायला छान, पण माशीला त्यात बहुतेक काही मिळत नाही. नर्सरीत कीड मारायला इमिडाक्लोप्रिड सहज हातात देतात. ते मुळांतून चढून मकरंदात आणि परागात उतरतं. युरोपीय संघाने 2018 मध्ये इमिडाक्लोप्रिडसह त्याच गटातल्या तीन औषधांचा उघड्या शेतातला वापर बंद केला. कुंडीतल्या माव्यासाठी पाण्याचा जोरदार फवारा किंवा संध्याकाळी मारलेलं कडुनिंबाचं तेल पुरतं.

उन्हाळ्यात माश्या एसीच्या पाण्यावर, गळक्या नळावर येतात. त्यांच्यासाठी पाण्याची ताटली ठेवा असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण मुंबईत साठलेलं पाणी म्हणजे डेंग्यूचे डास आणि मागोमाग पालिकेची नोटीस. त्यापेक्षा नारळाच्या सोडणाचा तुकडा ओला करून ठेवा किंवा ताटलीत वाळू भरून ती ओलसर ठेवा. माशीला बसायला जागा मिळते, डासाला अंडी घालायला पाणी मिळत नाही.

मधाबद्दल थोडक्यात. 2020 च्या डिसेंबरात दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने बाजारातल्या ब्रँडचा मध तपासला, त्यात बहुतेकांमध्ये साखरेच्या पाकाची भेसळ निघाली. हा पाक इतका सफाईदार बनवलेला असतो की काडी पेटवणं, पाण्यात थेंब सोडणं असल्या घरगुती परीक्षांना तो दाद देत नाही. मध थिजला म्हणजे साखर घातली, हाही गैरसमज, खरा मधही थिजतो. ज्याच्या पेट्या कुठे आहेत हे सांगता येतं, त्याच्याकडून थोडा महाग का होईना, घ्या. आणि बारशाला सोनं उगाळून मध चाटवायचा असेल तर मध मोठ्यांनी चाटावा. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

पेटी पाळावीशी वाटली तर पुण्यात 1962 पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, महाबळेश्वरला खादी ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे. आधी तिथे शिकून या. फ्लॅटच्या गॅलरीत पेटी ठेवायचा मोह आवरा. शेजाऱ्यांशी भांडण होतं आणि माशीही टिकत नाही. गावाकडे, वसई-पालघरला वाडी असेल तर गोष्ट वेगळी.

माश्यांचं कौतुक करायचं तर त्यांना बघावं लागतं आणि दहिसरकरांसारखी सोय फार थोड्यांची असेल. समोरच्या विंगमधून, लांबून, दुर्बीण घ्या आणि आग्याच्या मोहोळावर धरा. मोठी गांधीलमाशी जवळ आली की पडद्यातल्या माश्या पाठोपाठ शेपट्या उचलतात आणि अख्ख्या पोळ्यावरून एक काळी लहर सर्रकन फिरते. हल्लेखोर गोंधळतो. पोळ्याच्या खालच्या कडेला परतलेल्या माश्या थरथरत नाचताना दिसतील. कुठल्या दिशेला, किती लांब फुलं आहेत याचा तो निरोप. युरोपातल्या माशीचा हा नाच उलगडल्याबद्दल कार्ल फॉन फ्रिश यांना 1973 मध्ये नोबेल मिळालं. राष्ट्रीय उद्यानातली कारवी आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि तेव्हा अख्खा डोंगर माश्यांनी गुणगुणतो. 2024 चा बहर चुकला असेल तर पुढचा 2032 ला.

शाळांना जागतिक मधमाशी दिन साजरा करायचा असतो. तो 20 मे ला येतो, अँटोन यान्शा या स्लोव्हेनियन मधपाळाच्या जन्मदिनी. संयुक्त राष्ट्रांनी ठरवल्याप्रमाणे 2018 पासून तो पाळला जातो. पण मे महिन्यात आपल्या शाळांना सुट्टी आणि आग्याचीही जायची तयारी. मुलांना दाखवायचं असेल तर फेब्रुवारीतली सकाळ धरा. सावर, पांगारा फुललेले असतात, मोहोळं भरलेली असतात. दोन दुर्बिणी, लांबून बघण्याची सक्त ताकीद आणि ॲलर्जी असलेल्या मुलांची नावं आधी पालकांकडून घेतलेली, एवढ्या तयारीवर सहल निघू शकते.